कबुतर नावाचे विमान

साधन तटस्थ असते, असे आपण सहज म्हणून जातो. आज एक साधनच पाहू. इगो एट्रिच या ऑस्ट्रियन माणसाचे ‘टाउबे’ विमान १९१० मध्ये उडाले. पंखांची एकच जोडी. टाउबे म्हणजे जर्मनमध्ये कबुतर. पण पंखाचा आकार घेतला होता जावामधल्या झानोनिया वेलीच्या बीवरून. हे पातळ बी हवेत तरंगत लांब जाते. नाव पक्ष्याचे, घडण बीची! विमान स्थिर उडायचे, म्हणून टेहळणीला सोयीचे.

आता १ नोव्हेंबर १९११ कडे येऊ. लिबियात इटली-तुर्की युद्ध चाललेय. लेफ्टनंट ज्युलिओ गावोत्ती एका हाताने सुकाणू सांभाळतो, दुसऱ्याने बॉम्ब काढतो आणि ऐन झाराच्या तुर्की तळावर टाकतो. त्या दिवशी असे चार टाकले, जेमतेम दीड-दोन किलोचे. विमानातून झालेला हा पहिला बॉम्बहल्ला.

विमान तेच होते बरं का, बॉम्ब सोडायची वेगळी सोयसुद्धा नाही. तरी वरून पाहण्याचा अर्थ पालटला. खालचा माणूस कालपर्यंत वहीतली नोंद होता, आज नेम झाला. मग साधन तटस्थ राहिले का? ३० ऑगस्ट १९१४ ला टाउबे पॅरिसवर आले, आणि बॉम्ब पडले ते शहराच्या रस्त्यांवर.