ब्राउझरकडून सर्व्हरकडे मोठ्या विदेचे प्रेषण : विलंबाची कारणे व उपाय

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्रशासनात माहिती ऑनलाइन पाठविणे हे नित्याचे काम झाले आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने (नॅक) २०१७ मध्ये आणलेल्या सुधारित पद्धतीत स्वयंमूल्यन अहवाल व त्याचे पुरावे ऑनलाइन मागविण्यात आले. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणातही २०२०-२१ च्या फेरीपासून थेट ब्राउझरमध्ये भरावयाचे प्रपत्र आले. गोंदिया शहरालगतच्या फुलचूरसारख्या गावातून असे काम करताना अंतिम तारखेस जोडणी तुटल्यास अनेक दिवसांचे श्रम अडकून पडतात. हा विलंब नेमका कोठे होतो व तो कसा टाळता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विलंबाची कारणे

पहिले कारण आकारमान. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत माहिती उतरवून घेण्याच्या वेगापेक्षा पाठविण्याचा वेग बराच कमी असतो. हा वेग सेकंदाला १ मेगाबिट असल्यास १०० मेगाबाइटच्या फाइलीस किमान ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटांहून अधिक वेळ लागतो.

दुसरे कारण फेऱ्यांची संख्या. ५०० विद्यार्थ्यांच्या नोंदी एकेक करून पाठविल्या आणि प्रत्येक उत्तरास दशांश सेकंद लागला, तर केवळ प्रतीक्षेत ५० सेकंद जातात. मग नोंदी कितीही लहान असोत.

तिसरे कारण पुनःप्रेषण. फाइल अखंड पाठविताना ९० टक्क्यांवर जोडणी तुटली, तर सामान्यतः पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करावी लागते.

उपाययोजना

(१) मुळातच कमी पाठविणे : ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केल्यास संक्षेपणापूर्वी त्याची विदा सुमारे २६ मेगाबाइट भरते; तेच पान निव्वळ कृष्णधवल घेतल्यास सुमारे १.१ मेगाबाइट. म्हणून मजकुराच्या पानांस रंगीत स्कॅनची आवश्यकता नसते.

(२) योग्य स्वरूप : फाइल बेस-६४ या अक्षररूपात बदलून पाठविल्यास दर ३ बाइटचे ४ बाइट होतात, म्हणजे भार एक तृतीयांशाने वाढतो. फाइल मूळ द्विमान स्वरूपातच पाठवावी.

(३) संक्षेपण : तक्ते व मजकूर जीझिप पद्धतीने पुष्कळ लहान होतात. प्रमुख ब्राउझरांत २०२३ पासून ही सोय अंगभूत आहे. जेपीईजी चित्रे मात्र आधीच संक्षेपित असल्याने त्यांत विशेष लाभ होत नाही. सर्व्हरने अशी विदा उलगडताना आकाराची मर्यादा पाळणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

(४) एकत्रीकरण : ५०० नोंदी शंभरांच्या ५ गटांत पाठविल्यास वरील प्रतीक्षा अर्ध्या सेकंदावर येते.

(५) तुकडे करून प्रेषण : १०० मेगाबाइटची फाइल २ मेगाबाइटच्या ५० तुकड्यांत पाठविल्यास वरील वेगाने एका तुकड्यास १६ सेकंद लागतात. जोडणी तुटल्यास तेवढाच तुकडा पुन्हा पाठवावा लागतो. यासाठी कोणते तुकडे पोहोचले याची नोंद सर्व्हरने ठेवावी व शेवटी संपूर्ण फाइलीची पडताळणी करावी.

तुकड्याचा आकार ठरविताना सर्व्हरची मर्यादा पाहणे अगत्याचे आहे. मूळ मांडणीत पीएचपी २ मेगाबाइटपर्यंतची फाइल, तर एन्जिनएक्स १ मेगाबाइटपर्यंतची विनंती स्वीकारते. या मर्यादा बदलल्याशिवाय मोठी फाइल नाकारली जाते आणि दोष मात्र इंटरनेटवर येतो. अनेक तुकडे एकाच वेळी पाठविल्यानेही अरुंद वाहिनी रुंद होत नाही.

समारोप

वेगवान जोडणी उपयुक्त असली, तरी पुष्कळसा विलंब विदेच्या मांडणीतून उद्भवतो. स्कॅनिंगची शिस्त प्राध्यापकांच्या हाती आहे. एकत्रीकरण व तुकड्यांची सोय प्रणाली निर्माण करणाऱ्यांची जबाबदारी आहे. महाविद्यालयासाठी नवी प्रणाली घेताना ‘जोडणी तुटल्यास प्रेषण तेथूनच पुढे सुरू होते काय?’ हा प्रश्न प्रथम विचारला जावा. कारण ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टीने प्रेषणाच्या वेगाइतकेच त्याचे सातत्य महत्त्वाचे आहे.