सरकारची मदत मिळाली, मग अपघाताचा दावा कशाला? भरपाई मागणं म्हणजे नेमकं काय, समजून घ्या

नांदेड / लातूर : ४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात महिलांचा मृत्यू झाला, तिघांना वाचवता आलं. या महिला शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातील गुंज गावच्या होत्या आणि रोजंदारीवर शेतकामाला निघाल्या होत्या. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले.

मदत जाहीर झाली की बातमी संपते. इथेच अनेकांचा गैरसमज होतो. सरकारने दिलेली रक्कम ही ‘मदत’ असते, ‘भरपाई’ वेगळी असते. ती मागावी लागते आणि ती मागण्याची आपल्याकडे अनेकांना लाज वाटते. ‘माणूस गेला, आता पैशाचं काय करायचं?’, ‘समोरचा आपल्याच गावचा, कशाला कोर्टात ओढायचं?’, ‘लोक म्हणतील, मेलेल्याच्या जिवावर पैसे केले.’ दावा दाखल करण्याआधी घराघरात हीच वाक्यं ऐकू येतात. त्यात कितपत तथ्य आहे, ते एकेक करून पाहू.

मदत आणि भरपाई यात फरक काय?

मुख्यमंत्री किंवा पंतप्रधान जाहीर करतात ती सानुग्रह मदत. ती किती द्यायची, कोणत्या अपघाताला द्यायची, हे सरकार ठरवतं. सात जण एकाच वेळी गेले तर घोषणा होते. अहमदपूरजवळ रात्री दुचाकीवरचा एकटा माणूस गेला तर बहुतेक वेळा होत नाही.

शेतकऱ्यांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूसाठी त्यात २ लाख रुपये मिळतात. पण ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. ज्यांच्या घरात कुणाच्याच नावावर सातबारा नाही, ते मजूर त्यात बसत नाहीत.

भरपाई हा मात्र कायद्याने दिलेला हक्क आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ नुसार जखमी व्यक्ती किंवा मृताचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. नांदेड, लातूरसह प्रत्येक जिल्ह्यात हे काम जिल्हा न्यायालयाच्या आवारातच चालतं. सरकारी मदत घेतली म्हणून हा दरवाजा बंद होत नाही. घरात एलआयसीचे पैसे आले म्हणूनही नाही. हेलन रेबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्पष्ट केलं की, मृताच्या आयुर्विम्याची रक्कम भरपाईतून वजा करता येत नाही.

पैसे कुणाच्या खिशातून जातात?

‘बिचाऱ्या ड्रायव्हरला का बुडवायचं?’ या प्रश्नाचं उत्तर विम्यात आहे. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपण गाडीचा हप्ता भरतो, त्यातला हा भाग आपल्या गाडीसाठी नसतोच. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देण्यासाठी तो असतो. म्हणजे तुळजापूर-लातूर-नांदेड महामार्गावरून जाणारे हजारो वाहनधारक दरवर्षी थोडे थोडे पैसे एका गल्ल्यात टाकतात आणि ज्याच्या घरावर आघात होतो त्याला त्यातून भरपाई मिळावी, अशी ही व्यवस्था आहे. विमा चालू असेल आणि पॉलिसीच्या अटी मोडल्या नसतील, तर पैसे कंपनी भरते. चालकाला किंवा मालकाला शेत विकावं लागत नाही.

त्यामुळे गावात बाँड पेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून प्रकरण मिटवलं जातं, तेव्हा चालकाचे पैसे वाचतातच असं नाही. बहुतेक वेळा वाचतात ते विमा कंपनीचे.

मग ट्रॅक्टरचं काय?

इथे मात्र खरी अडचण आहे आणि मराठवाड्यात ती रोजची आहे. ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही, ही विमा कंपन्यांची ठरलेली हरकत. पॉलिसीत मजुरांसाठी वेगळा हप्ता भरला होता का, ट्रॅक्टर शेतीच्या कामावरच होता का, चालकाकडे परवाना होता का, यावर सगळं अवलंबून राहतं. काही प्रकरणांत न्यायालय कंपनीला ‘आधी कुटुंबाला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असं सांगतं. काहींत कंपनी सुटते आणि जबाबदारी थेट मालकावर येते. तो मालकही अनेकदा चार-पाच एकरांचा शेतकरी असतो.

म्हणजे ‘समोरचा बुडेल’ ही भीती अशा प्रकरणांत खोटी नसते. पण त्याचा दोष दावा करणाऱ्या मजुराच्या माथी मारता येणार नाही. त्यावरचा उपाय अपघाताच्या आधीचा आहे. ट्रॅक्टरवर मजूर नेणार असाल तर पॉलिसी काढतानाच एजंटला विचारा की मजुरांचं संरक्षण त्यात आहे का आणि ते कागदावर घ्या.

कामावर असताना अपघात झालेल्या मजुरांपुढे दुसरा मार्गही असतो, कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्याचा. ट्रॅक्टरने होणाऱ्या शेतीतले कामगार या कायद्याच्या यादीत आहेत आणि तिथे चूक कुणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. मात्र मोटार वाहन कायदा किंवा हा कायदा, दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो.

रक्कम ठरते कशी?

अनेकांना वाटतं, वकील जितकं जोरात बोलेल तितके पैसे. प्रत्यक्षात त्याचं गणित ठरलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी ते घालून दिलं. उदाहरणासाठी समजा, ३८ वर्षांची मजूर महिला, महिन्याची कमाई १२ हजार रुपये, तिच्यावर अवलंबून चार जण :

• वर्षाची कमाई : १,४४,०००
• पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के (वय ४० च्या आत, पक्की नोकरी नाही) : २,०१,६००
• तिचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा : १,५१,२००
• वय ३६ ते ४० साठी गुणक १५ : २२,६८,०००

अंत्यविधी आणि सहवास गमावल्याबद्दलची ठरावीक रक्कम यात वेगळी मिळवली जाते. आता हा आकडा ५ अधिक २, म्हणजे ७ लाखांच्या शेजारी ठेवून पाहा. दावा न करणारं कुटुंब किती सोडून देतं, ते लक्षात येईल.

जखमींचं गणित थोडं वेगळं आहे. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, अपंगत्व किती टक्के, यापेक्षा कमाई किती टक्के गेली, हे पाहायचं. डावा हात गेला तर प्रमाणपत्रावर सुमारे ६० टक्के अपंगत्व येईल. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळपास पूर्ण गेली. सरकारी कार्यालयातला कारकून असेल तर नोकरी कदाचित टिकेल. ३० वर्षांच्या, महिना १५ हजार कमावणाऱ्या ड्रायव्हरसाठी ६० टक्के धरले तर २५.७० लाख होतात, १०० टक्के धरले तर ४२.८४ लाख. त्यामुळे नुसतं अपंगत्व प्रमाणपत्र जोडून थांबू नका. तुम्ही काय काम करत होता आणि आता का करू शकत नाही, हे पुराव्यासह सांगा.

हे गणित सगळ्यांना सारखं न्याय्य आहे का?

नाही. कमाईवर आधारलेल्या हिशेबात एकाच एसटीतले दोन प्रवासी गेले, तर पगाराची स्लिप असलेल्याच्या घरी जास्त आणि हजेरीवर राबणाऱ्याच्या घरी कमी पैसे जातात. मजुराच्या रोजाची पावती कुणी देत नाही. मग न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं आणि तो अंदाज अनेकदा कमी असतो.

घरकाम करणाऱ्या बाईचं तर उत्पन्नच नाही, असा युक्तिवाद वर्षानुवर्षं झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या कामाला महिना ३ हजार रुपये मूल्य धरलं. जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात न्या. रमणा यांनी २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला : सुमारे १५.९८ कोटी महिलांनी घरकाम हे मुख्य काम सांगितलं होतं, पुरुष होते सुमारे ५८ लाख. या कामाला पैशांत मोल धरणं म्हणजे त्या श्रमाची दखल घेणं, असा त्या निकालाचा आशय आहे. आलेगावसारख्या अपघातातल्या महिला तर सकाळी घरचं आवरून मग रोजंदारीवर निघतात. त्यांच्या दाव्यात मजुरीबरोबर घरकामही मांडायला हवं.

‘पैशाने माणूस परत येतो का?’ याचं उत्तर नाही असंच आहे. पण भरपाई माणसाची किंमत लावत नाही. घरात येणारी मजुरी थांबली, मुलांची फी थांबली, म्हाताऱ्यांच्या औषधाची सोय गेली, त्याचा तो हिशेब आहे. तो हिशेब मागितला नाही तरी नुकसान व्हायचं थांबत नाही. ते फक्त त्याच घराने सोसायचं, असं ठरतं.

खोटे दावे होत नाहीत का?

होतात. उत्तर प्रदेशातल्या बनावट अपघात दाव्यांची दखल सर्वोच्च न्यायालयानेही घेतली आहे. अपघात नसताना गाडी दाखवणं, चालक बदलणं, बिलं फुगवणं हे गुन्हे आहेत आणि त्याचा भार शेवटी सगळ्यांच्या हप्त्यावर येतो. खोट्या दाव्यांमुळे खऱ्या जखमीकडेही संशयाने पाहिलं जातं, हे नुकसान वेगळंच.

दवाखान्यातच गाठून ‘आम्ही सगळं बघतो, रकमेतले इतके टक्के द्या’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. निकालाच्या रकमेवर टक्केवारीने फी ठरवायला बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत मनाई आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

एसटीतल्या प्रवाशाने काय करायचं?

मार्च २०२५ मध्ये चाकूरजवळ नांदगाव पाटी इथे दुचाकीस्वाराला वाचवताना एसटी उलटली, त्याचं सीसीटीव्ही चित्रण अनेकांनी मोबाइलवर पाहिलं असेल. अशा वेळी चूक एसटीची की दुचाकीची, हा वाद प्रवाशाने सोडवायचा नसतो. २०१५ च्या खेन्येई खटल्यातील निकालानुसार, दोन वाहनांच्या चुकीतून तिसऱ्याचं नुकसान झालं तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो. आपसात वाटणी त्यांनी करायची.

दावा करायचा तर हे लक्षात ठेवा

• एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा : ‘नंतर बघू’ म्हणून टाळू नका. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. सविस्तर अहवालासाठी ९० दिवस आहेत.

• कागद : डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, शवविच्छेदन अहवाल, अपंगत्व प्रमाणपत्र, वाहनाचा क्रमांक आणि विम्याची प्रत. मजुरीच्या पुराव्यासाठी मुकादमाची वही, बँक पासबुक, फोन-पेवर आलेली मजुरी, सोबतच्या मजुरांची साक्ष, जे असेल ते.

• मुदत : १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची अट आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं असून, केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी सहा महिन्यांच्या आत अर्ज करणंच शहाणपणाचं.

• ठिकाण : अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे. पुण्यात अपघात झाला तरी लातूरचं कुटुंब लातूरला दावा करू शकतं.

• फौजदारी खटला : चालक त्यात निर्दोष सुटला म्हणून दावा आपोआप संपत नाही. दाव्यात पुराव्याची पातळी वेगळी असते.

• धडक देऊन पळालेलं वाहन सापडलं नाही तर : तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात.

• उपचार : मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता घेता येतात.

• लोकअदालत : पैसे लवकर मिळतात, पण तिथल्या तडजोडीवर अपील करता येत नाही. वर दिलेलं गणित स्वतःच्या आकड्यांवर आधी करून पाहा, मगच सही करा.