भूक आणि तहान यांचें ठाणें

घोडनदीकांठच्या शिरूरास काय किंवा भीमेकांठच्या दौंडास काय, बाजरीच्या कणगींत शिरलेला उंदीर ढीग समोर असतांहि मध्येंच खाणें थांबवितो. पोट तट्ट झालें म्हणून, असें आपण म्हणूं. पण तें अर्धेंच उत्तर झालें.

मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा भाग असतो. माणसांत तो जेमतेम बदामाएवढा. १९४० सालीं हेदरिंग्टन व रॅन्सन यांनीं उंदरांत त्याचा मध्याजवळचा अंश विजेनें नष्ट केला, तों उंदीर अतोनात लठ्ठ झाले. (तेथें गांठ झालेल्या मुलासहि अनावर भूक लागते, शाळेंत त्याला हावरट म्हणून हिणवितात, हें मला फार खटकतें.) १९५१ सालीं आपले डॉ. बाल कृष्ण आनंद व ब्रोबेक यांनीं येल विद्यापीठांत दोन्ही कडांचा अंश नष्ट केला. उंदरांनीं अन्नास तोंडच लावलें नाहीं. ते भरल्या ताटापुढें उपाशीं मेले.

मात्र एक केंद्र भुकेचें, दुसरें तृप्तीचें, ही सोपी वांटणी आतां टिकलेली नाहीं. त्या जागेंतून जाणारे मज्जातंतूहि प्रयोगांत तुटले होते. शिवाय चरबींतून रक्तांत येणारें लेप्टिन, १९९४ सालीं उंदरांतच सांपडलेलें, शरीरांतील सांठ्याची वर्दी तेथें पोंचवितें.

तहानेची तऱ्हा निराळी. खारट खाल्लें कीं रक्तांतील मीठ वाढतें, याच भागाच्या पुढल्या कडेच्या पेशींतून पाणी ओढलें जातें आणि त्या आक्रसतात. एवढ्यावरून उंदीर पाण्याकडे धांवतो, आणि मूत्रपिंडांना पाणी राखण्याचा हुकूमहि सुटतो.