स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी निवासी केंद्राची निवड

“वैद्यराज, यांना आता कुठे ठेवावे?” हा प्रश्न आपल्या चिकित्सालयांतून हल्ली वारंवार कानी पडतो. विचारणारा बहुधा परगावी वा परदेशी परतण्याच्या घाईत असतो, आणि ज्या निर्णयावर एका वृद्धाची पुढील अनेक वर्षे अवलंबून आहेत तो चार दिवसांत उरकला जातो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार साठीपुढील भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. त्यामुळे औषधयोजनेइतकेच या प्रश्नाचे उत्तरही आपल्याला देता आले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

तत्पूर्वी निदान पक्के झाले आहे ना, हे पाहावे. थायरॉईडची न्यूनता, बी-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, वार्धक्यातील नैराश्य, पडल्यानंतर कवटीत हळूहळू साचलेले रक्त यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपाय असतो. अशा रुग्णाची रवानगी केंद्रात होणे हा त्याच्यावर अन्यायच.

सामान्य वृद्धाश्रम आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीचे निगा-केंद्र यांत नातेवाईक नेहमी गल्लत करतात. स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश, अशी अट बहुतेक वृद्धाश्रमांत असते. तेथे आजार लपवून प्रवेश मिळवला, तर काही आठवड्यांतच ‘घेऊन जा’ असा निरोप येतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे की, रुग्ण पुढे अंथरुणास खिळला तर आपण त्याला ठेवणार काय? उत्तर करारपत्रात लेखी असावे. अनामत रकमेच्या परताव्याचेही तसेच.

जागा कशी पाहावी, याबाबत चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायाची आठवण आम्ही वाचकांस करून देतो. तेथील वर्णन वमन-विरेचनासाठीच्या आतुरालयाचे, आणि तेही राजा वा धनिकाच्या सोयीचे, हे खरे; परंतु सोसाट्याचा वारा नसलेली तरी एका बाजूने हवेशीर, सहज हिंडता येईल अशी, धूर व धुळीपासून दूर, शौचकूप, स्नानगृह व स्वयंपाकघर यांनी युक्त अशी वास्तू आजही दुसरी कोणती हवी? गाणी, गोष्टी, पुराणकथा जाणणारे सहचर तेथे असावेत, असेही आचार्य सांगतात. संगमरवरी स्वागतकक्षापेक्षा हे सहचर महत्त्वाचे. रुग्ण पुढे शिकलेली भाषा आधी विसरतो व मातृभाषेकडे वळतो. त्याची बोली समजणारा एकही परिचारक नसेल, तर तहान लागल्याचेही त्यास सांगता येणार नाही.

उपस्थात्याचे जे चार गुण आपण विद्यार्थिदशेत पाठ केले, त्यांपैकी उपचारज्ञता, दाक्ष्य आणि शौच यांची परीक्षा प्रश्न विचारून व न्हाणीघर पाहून होते. अनुराग मात्र सायंकाळीच दिसतो. दिवस मावळताना यांपैकी अनेक रुग्ण अस्वस्थ होतात, ‘घरी जायचंय’ म्हणून दाराशी येतात. म्हणून केंद्रास एक भेट आगाऊ न कळवता, पाच ते सातच्या दरम्यान द्यावी. त्या वेळी परिचारिका रुग्णाचा हात धरून त्याला अंगणात फिरवते, की दरडावून खाटेवर बसवते? कोणाच्या मनगटावर बांधल्याचे वळ आहेत काय? सगळेच रुग्ण सातच्या आत गाढ झोपलेले असतील, तर झोपेची औषधे कोण व कोणत्या मात्रेत देतो, हे विचारायलाच हवे. रात्रपाळीस किती रुग्णांमागे किती माणसे, हेही.

आता आपल्या कक्षेतील गोष्ट, विशेषतः औषधविक्रेत्या बंधूंसाठी. यांतील अनेक रुग्ण डोनेपेझिल घेत असतात. हे औषध मेंदूतील ज्या ॲसिटिलकोलीनचे प्रमाण टिकवू पाहते, त्याचीच क्रिया धत्तूर व खुरासानी ओव्यातील घटक रोखतात. खोकला-दम्यासाठी कोणी सहज कनकासव नेले, तर संभ्रम वाढणे, मूत्रावरोध होणे संभवते, आणि केंद्रात त्याची संभावना ‘आजार बळावला’ अशी होते. केंद्रात जाणाऱ्या रुग्णाबरोबर दोन्ही शास्त्रांच्या सर्व औषधांचा मात्रेसह लिहिलेला एकच कागद द्यावा.

रुग्ण पाठविल्याबद्दल एखाद्या केंद्राने मोबदला देऊ केल्यास तो नाकारावा. त्यानंतर आपला सल्ला सल्ला राहत नाही.

‘लोक काय म्हणतील’ या भयाने कुटुंबे रखडतात. सत्तरीची पत्नी रात्र-रात्र जागून स्वतःच खंगली असेल, गॅस उघडा राहत असेल, रुग्ण घराबाहेर पडून हरवत असेल, तर केंद्राचा आश्रय घेण्यात अधर्म नाही, असे आम्ही त्यांना स्पष्ट सांगतो. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने ज्येष्ठास सोडून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरवला आहे. परंतु सोडून देणे वेगळे आणि सोय लावून दर आठवड्यास भेटीस जाणे वेगळे. प्रवेशानंतरचे पहिले काही आठवडे रुग्ण हमखास गोंधळतो. त्या काळात त्याची नेहमीची गोधडी, देव्हाऱ्यातील एखादी मूर्ती, जुने छायाचित्र उशाशी असावे. आणि शक्य असेल तर त्याचा नेहमीचा वैद्यही एकदा जाऊन यावा.