नाव एक, धनी दोन

एका वर्गात दोन विठ्ठल असले तर गुरुजी काय करतात? एकाला थोरला म्हणतात, दुसऱ्याला धाकटा. दोघेही समोर असतात, म्हणून हे जमतं. पण ते दोन गावी असले आणि मधला पूल वाहून गेला असला तर?

संगणकावरून गप्पा मारणाऱ्यांपुढे हाच पेच आला. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आय.आर.सी. ही गप्पांची व्यवस्था सुरू केली. तीत अनेक संगणक, म्हणजे सर्व्हर, झाडाच्या फांद्यांसारखे जोडलेले असतात. बोलणारा एखाद्या सर्व्हरपाशी येऊन टोपणनाव घेतो. साऱ्या जाळ्यात ते नाव एकाचंच असावं लागतं. कारण निरोप नावावरूनच पोचतो.

आता समजा, एक फांदी तुटली. इकडच्यांना वाटतं, तिकडचे लोक निघून गेले, त्यांची नावं मोकळी झाली. कुणीतरी त्यातलं एक नाव घेतो. थोड्या वेळानं फांदी पुन्हा जोडली जाते, आणि एका नावाचे दोन धनी उभे राहतात!

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या नियमांत यावर उपाय होता: दोघांनाही बाहेर काढा. यात खोडसाळांचं फावलं. जोडणी तुटली की दुसऱ्याचं नाव घ्यायचं आणि मूळ धन्यालाही हुसकावायचं.

मग दोन वाटा निघाल्या. पहिली, नाव घेतल्याची वेळ नोंदवायची. जोडणी होताच आधीच्याचं नाव राहतं, मागाहून आलेला जातो. त्यासाठी सर्व सर्व्हरांची घड्याळं जुळलेली हवीत. दुसरी वाट दम धरण्याची: तुटलेल्या भागातली नावं काही वेळ कुणालाच द्यायची नाहीत. १९९६ साली मूळ जाळं दुभंगलं, त्यामागच्या वादांत हाही एक होता. एफनेटनं पहिली वाट धरली, युरोपकडच्या आयआरसीनेटनं दुसरी.

यातलं मर्म लक्षात घ्या. संपर्क तुटला असताना पलीकडे विचारायची सोय नसते. म्हणून नियम असा हवा की दोन्हीकडच्यांनी तो आपापल्या जागी लावला, तरी निकाल एकच यावा. दोन्ही नोंदींची वेळ अगदी सारखी निघाली, तर पहिल्या वाटेवरही दोघांना जावं लागतं. ते कठोर खरं. पण दोन सर्व्हरांनी दोन वेगळे धनी मानले, तर निरोप कुणाच्या हाती पडेल, याचा भरवसा उरत नाही.