क्वांटिटेटिव्ह फायनान्सचे परदेशी शिक्षण : अर्जापूर्वी काय पाहावे?

आपल्या समाजातील मुले-मुली आज अभियांत्रिकी, संगणक आणि गणित या शाखांत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होत आहेत. त्यांपैकी काहींच्या तोंडी अलीकडे एक नवा शब्द ऐकू येतो, तो म्हणजे ‘क्वांट’. न्यूयॉर्क, लंडन किंवा सिंगापूर येथे जाऊन क्वांटिटेटिव्ह फायनान्समध्ये मास्टर्स करायचे, असे मुलगा सांगतो आणि आईवडिलांना त्याचा अर्थबोध होत नाही. आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतील लिपिक. त्यामुळे गणिताची अवघड सूत्रे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. तथापि अर्ज, कागदपत्रे आणि कर्ज हा आमचा नित्याचा विषय आहे. तेवढ्या आधारावर या शिक्षणाची ओळख पालकांना व्हावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम हे शास्त्र काय आहे ते पाहू. जागेच्या व्यवहारात आपण इसार देतो. भाव ठरतो आणि पुढे व्यवहार मोडला तर आपला इसार तेवढा जातो. शेअर बाजारातही अमुक तारखेला अमुक भावाने शेअर घेण्याचा हक्क विकत मिळतो. त्यास ऑप्शन म्हणतात. आता या हक्काची योग्य किंमत किती? १९७३ साली फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी याचे सूत्र मांडले. रॉबर्ट मर्टन यांनीही त्याच काळात या विषयात मोलाची भर घातली. १९९७ मध्ये शोल्स आणि मर्टन यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्लॅक यांचे १९९५ मध्येच निधन झाले होते. शेअरचा भाव उद्या कोठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही, पण तो किती हेलकावे खातो याचे गणित मांडता येते. हे गणित संगणकावर बसवून बँका, विमा कंपन्या आणि गुंतवणूक संस्था जोखीम मोजतात. ते शिकविणारा अभ्यासक्रम म्हणजे क्वांटिटेटिव्ह फायनान्स होय.

हा अभ्यासक्रम एकाच नावाने चालत नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९४ पासून तो ‘कॉम्प्युटेशनल फायनान्स’ या नावाने आहे. न्यूयॉर्कच्या बरूक महाविद्यालयात आणि कॅलिफोर्नियातील बर्कले येथे ‘फायनान्शियल इंजिनिअरिंग’, ऑक्सफर्डला ‘मॅथेमॅटिकल अँड कॉम्प्युटेशनल फायनान्स’, तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ‘फायनान्शियल मॅथेमॅटिक्स’ असे म्हणतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातही तो शिकविला जातो. नुसत्या ‘फायनान्स’ या पदवीशी मात्र याची गल्लत करू नये. तो बहुधा व्यवस्थापनाचा विषय असतो.

प्रवेश समिती सर्वप्रथम पाहते ते गणित. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यताशास्त्र आणि डिफरन्शियल इक्वेशन्स हे विषय पदवीला झालेले असावेत आणि त्यांत गुण उत्तम असावेत. त्याशिवाय सी प्लस प्लस किंवा पायथॉन या संगणकभाषा लिहिता याव्यात. वाणिज्य पदवीधराने निराश होऊ नये, परंतु हे विषय आधी वेगळे शिकून त्याचे प्रमाणपत्र मिळवावे. आणखी एक गोष्ट. आपली बी.एस्सी., बी.कॉम. पदवी तीन वर्षांची असते, तर अमेरिकेतील काही विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. हे आधी विचारून घ्यावे, नाहीतर अर्जाचे शुल्क वाया जाते. एका अर्जाला १०० डॉलरच्या आसपास खर्च येतो. म्हणून दहा ठिकाणी अंदाजाने अर्ज टाकण्यापेक्षा पाच-सहा ठिकाणी विचारपूर्वक करावेत.

अर्जाची तयारी वर्षभर आधी सुरू करावी. बहुतेक अभ्यासक्रम ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात आणि त्यांचे अर्ज आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने घेतले जातात. उशिराच्या टप्प्यात जागा थोड्या उरतात. जी.आर.ई. परीक्षेचे गुण पाच वर्षे, तर इंग्रजीच्या टोफेल-आयईएलटीएसचे दोन वर्षे ग्राह्य असतात. जी.आर.ई.च्या गणित विभागात १७० पैकी १७० च्या जवळ जाणारे उमेदवार पुष्कळ असतात, म्हणून त्या गुणांनी प्रवेश निश्चित होतो असे समजू नये. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट काढण्यास आपल्याकडे वेळ लागतो, तो हिशेबात धरावा. गुणांचे रूपांतर स्वतः करू नये. आपल्या गुणपत्रिकेवर जे आहे तेच लिहावे.

शिफारसपत्रे दोन किंवा तीन लागतात. ती मोठ्या हुद्द्याच्या ओळखीच्या व्यक्तीकडून घेण्यापेक्षा ज्यांनी आपणास गणित शिकविले किंवा ज्यांच्या हाताखाली आपण काम केले, त्यांच्याकडून घ्यावीत. हेतुनिवेदनात गरिबीचे वर्णन किंवा विद्यापीठाची स्तुती भरू नये. आपण काय शिकलो, कोणता प्रकल्प केला आणि पुढे काय करावयाचे आहे, हे नेमके सांगावे. दुसऱ्याकडून लिहून घेतलेले निवेदन मुलाखतीत उघडे पडते. तेथे प्रश्न साधे दिसतात, पण विचार तपासतात. उदाहरणार्थ, छापा पडेपर्यंत नाणे उडवायचे तर सरासरी किती वेळा उडवावे लागेल? एकदा तर उडवावेच लागते. त्यानंतर निम्म्या वेळी काटा पडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणजे सरासरी ही एक अधिक सरासरीची निम्मी, म्हणून उत्तर दोन. पाठ केलेल्या उत्तरापेक्षा ही रीत मोठ्याने सांगता येणे महत्त्वाचे.

आता पैशाचा प्रश्न. अमेरिकेतील नामांकित खासगी विद्यापीठात संपूर्ण अभ्यासक्रमाचे नुसते शिक्षणशुल्क ८० हजार डॉलर किंवा त्याहूनही अधिक होते. डॉलर ८५ रुपये धरला तरी हे ६८ लाख झाले. राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. बरूकसारख्या सरकारी संस्थेचे शुल्क तुलनेने बरेच कमी आहे. समजा ४० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने काढले. दीड वर्षाचा अभ्यासक्रम आणि पुढे एक वर्षाची सवलत, एवढ्या काळात सरळव्याजानेच १० लाख होतात. मग ५० लाखांची फेड दहा वर्षांत करावयाची म्हटल्यास मासिक हप्ता सुमारे ६६ हजार रुपये येतो. परदेशात नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही. परत यावे लागले तर मात्र तो घरच्यांच्या अंगावर येतो. बँकांच्या प्रचलित योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे राहते घर तारण ठेवण्याची वेळ येते. म्हणून सही करण्यापूर्वी हा हिशेब वडील, आई आणि मुलगा अथवा मुलगी यांनी एकत्र बसून कागदावर मांडावा.

शिष्यवृत्तीकडे अनेकांचे लक्ष उशिरा जाते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत दरवर्षी १२५ जागा असून त्यांतील बहुसंख्य अनुसूचित जातींसाठी आहेत. वय ३५ च्या आत, गुण ६० टक्के आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत अशा अटी आहेत, आणि विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असावे लागते. शिक्षणशुल्काशिवाय अमेरिकेत वर्षाला १५,४०० डॉलर आणि इंग्लंडमध्ये ९,९०० पौंड निर्वाहभत्ता मिळतो. १९९० च्या घटनात्मक आदेशातील दुरुस्तीमुळे बौद्ध धर्मांतरितही यास पात्र आहेत. परंतु केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा असतो, तो आधीच काढून ठेवावा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बारकाईने वाचाव्यात.

शिष्यवृत्तीची मुदत ही किती कठोर गोष्ट आहे, हे आपणास वेगळे सांगावयास नको. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियात गेलेल्या बाबासाहेबांना मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पैसे साठवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. आज कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणी हे गणिती अर्थशिक्षण उपलब्ध आहे.

व्हिसाच्या नियमांचाही विचार अर्जाच्या वेळीच करावा. अमेरिकेत शिक्षणानंतर बारा महिने काम करता येते आणि विज्ञान-गणित गटात मोडणाऱ्या अभ्यासक्रमास आणखी चोवीस महिने मिळतात. फायनान्शियल मॅथेमॅटिक्सचा संकेतांक २७.०३०५ या गटात आहे, साध्या फायनान्सचा नाही. एका आकड्याने दोन वर्षांचा फरक पडतो, म्हणून तो विद्यापीठाकडून लेखी मागावा. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना शिक्षणोत्तर मुक्काम दोन वर्षांऐवजी १८ महिने ठरला आहे. तेव्हा ‘तेथे गेले की नोकरी मिळतेच’ असे सांगणाऱ्या एजंटावर विसंबू नये.

परदेशाचा योग आला नाही म्हणून मार्ग बंद होत नाहीत. कोलकाता व दिल्ली येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सचे पदव्युत्तर शिक्षण मिळते व विद्यार्थ्यांना विद्यावेतनही मिळते. वर्ल्डक्वांट विद्यापीठाचा फायनान्शियल इंजिनिअरिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घरबसल्या, विनाशुल्क करता येतो. आधी असे काही करून या विषयाची गोडी खरी आहे की ऐकीव, हे विद्यार्थ्याला स्वतःलाच कळते, आणि मग मोठ्या खर्चाचा निर्णय डोळसपणे घेता येतो.

आपल्या मुलांनी जरूर मोठी झेप घ्यावी. मात्र त्या झेपेमागे घरच्यांची घामाची कमाई असते, याचे भान राखून हिशेब पक्का करावा. अशा होतकरू विद्यार्थ्यांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा!