चरून वाढलेली जनावरे

दिवाळीच्या सुमारास पुणे-सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यातून जा. रस्त्याच्या कडेने मेंढ्यांचा एखादा कळप चाललेला दिसेल. पुढे खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेतलेला धनगर असतो. मागे एक-दोन घोडी असतात. घोड्यांच्या पाठीवर भांडी, पीठमीठ, रात्री मेंढ्या कोंडण्याची जाळी आणि कालच जन्मलेले एखादे कोकरूही असते. मोटारवाले भोंगे वाजवतात, पण मेंढ्या आपल्याच चालीने चालतात.

या मेंढ्या बहुतेक दख्खनी जातीच्या असतात. रंगाने काळ्या, लोकर जाडीभरडी, पाय काटक. दिवसाला कित्येक किलोमीटर चालायचे आणि वाटेत मिळेल ते गवत, पाला, शेंगा खायच्या, हाच त्यांचा जन्मभराचा क्रम. आज मोठ्या शहरांतील दुकानांत 'गवतावर वाढलेल्या जनावराचे मांस' अशी चिठ्ठी लावून माल चढ्या भावाने विकला जातो. शिरूर-दौंडच्या धनगराने ही चिठ्ठी कधी लावली नाही. तशी गरज त्याला वाटली नाही, कारण मेंढी गवताशिवाय दुसऱ्या कशावर वाढते, हेच त्याला ठाऊक नव्हते.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके. पावसाचे ढग पश्चिमेकडून येतात आणि सह्याद्रीवरच रिकामे होतात. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर इकडे येईपर्यंत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरतो. एवढ्या पावसात दाट जंगल वाढत नाही. वाढते ते गवत, आणि मधूनमधून बाभूळ, बोर, हिवर अशी काटेरी झाडे. पवना, मारवेल, कुसळ ही इथल्या गवतांची नावे. कुसळ पिकले, की त्याची टोके कपड्यांत आणि मेंढ्यांच्या लोकरीत रुततात, म्हणून ते कोवळे असतानाच चारून घेतात. अशा मोकळ्या जमिनीला गावकरी 'माळ' म्हणतात. सरकारी कागदात तिला पुष्कळदा 'पडीक' म्हटले जाते. हा शब्द मला पटत नाही. ज्या जमिनीवर हजारो मेंढ्या जगतात, ती पडीक कशी?

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे आहेत. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात. माणसाला न पचणारे गवत हे जीव आंबवतात आणि त्यातून जनावराला शक्ती मिळते. धान्य खाल्ले तर जनावर लवकर मोठे आणि चरबीदार होते. पण एकदम फार धान्य मिळाले, तर पोटातील आम्ल वाढते आणि जनावर आजारी पडते. चरणाऱ्या जनावराच्या मांसात चरबी कमी असते, आणि जी असते तिच्यात ओमेगा-३ नावाच्या उपयुक्त घटकाचे प्रमाण जास्त आढळते. हिरव्या गवतावरच्या गाईचे लोणी पिवळसर दिसते, तेही गवतातील कॅरोटीनमुळे. म्हशीचे लोणी मात्र पांढरेच राहते, कारण म्हैस त्या कॅरोटीनचे जीवनसत्त्व 'अ'मध्ये रूपांतर करते.

अमेरिकेत गुरांना शेवटचे काही महिने मोठ्या आवारात कोंडून मका चारण्याची पद्धत पसरली. तिला कंटाळलेले ग्राहक पुन्हा गवताकडे वळले, आणि तिथे गवतावरचे मांस ही वेगळी, महाग वस्तू बनली. न्यूझीलंडमध्ये मेंढ्या आजही मुख्यतः कुरणावरच वाढतात आणि तो देश ही गोष्ट जगाला अभिमानाने सांगून माल विकतो.

आता दुसरा शब्द पाहू : सेंद्रिय. उर्दूत ज्याला 'नामियाती' म्हणतात, तोच हा अर्थ. रासायनिक खते आणि विषारी फवारे न वापरता घेतलेले ते सेंद्रिय. भारतात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ साली सुरू झाला. जनावरांसाठीचे नियम त्यात २०१५ मध्ये लागू झाले. या नियमांनुसार जनावराचा चारा सेंद्रिय असावा लागतो. त्याला मोकळे हिंडता-फिरता आले पाहिजे. वाढ व्हावी म्हणून संप्रेरके किंवा प्रतिजैविके देता येत नाहीत. लस टोचायला मात्र मनाई नाही. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचलेली मेंढी सेंद्रिय राहत नाही, असा काहींचा समज असतो, तो चुकीचा आहे.

मग धनगराची मेंढी सेंद्रिय म्हणायची का? इथे मोठी अडचण आहे. माळावर कोणी फवारा मारत नाही, हे खरे. पण सुगीनंतर कळप शेतांत शिरतो. बाजरीची धाटे, कांद्याची पात, हरभऱ्याचा पाला खातो. त्या शेतात कोणते औषध फवारले होते, हे मेंढपाळाला कसे कळणार? प्रमाणपत्र देणाऱ्याला तर जमिनीचा आणि चाऱ्याचा लेखी हिशेब हवा असतो. ज्याचे रान दर आठवड्याला बदलते, त्याने कोणत्या शेताचा हिशेब द्यावा? म्हणून त्याचा माल गवतावरचा असतो, पण कागदावर सेंद्रिय ठरत नाही.

गंमत अशी, की सेंद्रिय शेती करणाऱ्यांना हाच धनगर हवा असतो. शेतकरी त्याला बोलावून आपल्या रानात मेंढ्या 'बसवतो'. रात्रभर कळप जाळीच्या आत बसतो आणि सकाळी शेतात लेंड्या व मूत्र यांचे उत्तम खत पडलेले असते. त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. कोकणात उतरणाऱ्या कळपांना भात मिळतो. अलीकडे डाळिंबाच्या बागांसाठी लेंडीखत गोण्या भरून विकतही घेतले जाते. लोकरीचा भाव उतरला, घोंगड्यांचे गिऱ्हाईक घटले, पण लेंडीखताला मागणी राहिली.

खरा प्रश्न गवताचा आहे. दौंडच्या पुष्कळ भागात खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आले, शिरूरला घोड आणि चासकमान धरणांचे आले. पाणी आले तिथे ऊस आला. शेतकऱ्याच्या घरात त्यामुळे चार पैसे आले, ते नाकारून चालणार नाही. शिरूरमध्ये रांजणगावला आणि दौंडमध्ये कुरकुंभला कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. वनखात्याने रोपे लावलेले माळ चराईला बंद झाले. चरायची जागा अशी चहूबाजूंनी आखडत गेली. त्यातच उसाच्या दाट फडात बिबट्याने घर केले. शिरूर तालुक्यात तर त्याच्या भीतीने मेंढपाळ जाळीशेजारी रात्र जागून काढतात. बायका तान्ही मुले आणि कोकरे दोन्ही सांभाळतात.

दुसरीकडे बंदिस्त शेळीपालन वाढत आहे. उस्मानाबादी, संगमनेरी शेळ्या गोठ्यात ठेवायच्या आणि त्यांना मका, घास, मुरघास, पेंड तिथेच द्यायची. केंद्र सरकारच्या योजनेत शंभर माद्या व पाच नर किंवा त्याहून मोठा गोठा उभारणाऱ्याला निम्मे अनुदान मिळते. पण त्यासाठी जागा दाखवावी लागते. वर्षातले कित्येक महिने वाटेवर असणाऱ्या माणसाला ते अवघड जाते. दोन्हींच्या मधला 'अर्धबंदिस्त' मार्गही आहे. शेळ्या दिवसा चार-पाच तास रानात चरतात आणि संध्याकाळी गोठ्यात चारा खातात. थोडी जमीन असलेल्या कुटुंबाला तो मला सर्वांत सोयीचा वाटतो.

आणि बाजार? तिथे गवत कोणी विचारत नाही. व्यापारी जनावराच्या पाठीवरून हात फिरवतो, बरगडी चाचपतो आणि नजरेनेच वजन ठरवतो. काही ठिकाणी आता जिवंत वजनावर, काट्यावर विक्री होते. नजरेपेक्षा काटा बरा, कारण त्यात गरजू माणूस कमी फसतो. पण काट्याला किलो कळतात, गवत कळत नाही. चालून चालून काटक झालेला माळावरचा बोकड पेंडीवरच्या बोकडापेक्षा हलका भरतो आणि तितकेच कमी पैसे आणतो.

याला एक अपवाद आहे, आणि तो तुमच्या घरातही माहीत असेल. बकरी ईदच्या आधी यवत, चाकणच्या बाजारांत पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक स्वतः येते. ते जनावराचे दात पाहते, शिंगे, कान, पाय पाहते. जनावर सुदृढ आणि निर्दोष हवे असते, म्हणून घाई कोणी करत नाही. एरवी बाजारात न निघणारा विषय तिथे निघतो.

"मामा, बोकड कशावर वाढवलाय?"

"रानावर, भाऊ. शेंगा, पाला, गवत. पेंड नाही दाखवली त्याला."

"मग जरा बारीक दिसतो."

"बारीक नाही, चपळ आहे. सोडून बघा, धरायला दोघे लागतील."

गिऱ्हाईक हसते. बोकडाला दोन पावले चालवून पाहते आणि मग भावाचे बोलणे सुरू होते.